मालकिणीनं आत बसायचं

सोलापुरात मिलच्या मागच्या चाळींत कुणाचं घर मोकळं व्हायचं असलं, की टेम्पोवाल्याच्याही आधी निरोप जायचा तो भीमाबाईला. कुणी पुण्याला लेकाकडे निघालेलं असायचं, कुणी मंद्रूपला गावाकडे परतणारं. कुणाच्या घरातलं म्हातारं माणूस गेलेलं आणि पोरांना खोली रिकामी करून द्यायची घाई. कारण काही असो, सामान ओट्यावर मांडायचं आणि त्यामागे भीमाबाईला बसवायचं, ही तिथली रीतच पडून गेली होती. आता मालकिणींना भाव करता येत नव्हता असं नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठी सगळी मंडई पालथी घालणाऱ्या बायका त्या! पण स्वतःच्या घरातलं ताट हातात धरून "बोला, काय देता?" म्हणायची वेळ आली, की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची.

भीमाबाई यायची ती काखेत स्टूल मारूनच. बुटकं, चौकोनी, मिलमधल्या मोडक्या खोक्यांच्या फळ्यांचं. तिच्या नवऱ्यानं, जोतिरामनं, हयात असताना सुट्टीच्या दिवशी बसून केलेलं. जोतिराम मिलमध्ये चांगला कामगार होता, पण सुतार काही नव्हता. त्यामुळे एक पाय आखूड राहिला. त्या पायाखाली त्यानं सायकलच्या टायरचा तुकडा ठोकला आणि म्हणाला, "बस. आता राणीवानी बसशील." भीमाबाई त्यावर बसायची, पदर खोचायची आणि मालकिणीला सांगायची, "तुमी आत बसायचं. दार लोटून घ्या. च्या ठेवा. काय बी ऐकू आलं तरी भाईर यायचं न्हाय."

हे सगळं सुरू झालं ते मिल बंद पडली तेव्हा. एकेक घर उठायला लागलं. शेजारचा ईरप्पा मैंदर्गीला परत निघाला, तेव्हा त्याची बायको दारात पाट्यावरवंट्यापाशी उभी राहून रडत होती, आणि गिऱ्हाईकं तिचं तोंड बघून भाव पाडत होती. निम्म्या किमतीत पितळी घागर गेली, कपाट तर जवळजवळ फुकटच चाललं होतं. भीमाबाईला ते बघवेना. ती स्टूल घेऊन गेली, त्या बाईला आत ढकललं आणि कपाटासमोर बसली. संध्याकाळपर्यंत तिनं ओटा रिकामा केला, आणि रिकाम्या ओट्यावर ईरप्पाच्या बायकोनं तिला भाकरी वाढली. तिथून तिचं नाव झालं.

जुन्या सामानाचा भाव वस्तूत नसतो, तो बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो, हे ती एवढ्या वर्षांत शिकली होती. भांडी पुसायची, पण घासून लखलखीत करायची नाहीत. फार चमकलं की गिऱ्हाईक म्हणतं, एवढं चांगलं हाय तर इकता कशाला? पंखा लोक यायच्या आधीच सुरू करून ठेवायचा. सुटं झाकण कधी मांडायचं नाही. कुठल्या तरी डब्यावर बसवून टाकायचं, मापाचं असो नसो. "लई छान हाय हो" म्हणणारी बाई घेत नाही, तिच्यावर थुंकी दवडायची नाही. जी वस्तू उलटीपालटी करून नावं ठेवते, तिला धरून ठेवायचं, घेणारी तीच. गेलेल्या माणसाचे कपडे विकायचे नाहीत, देऊन टाकायचे. वस्तू कुठं चालली, कुणाच्या घरी, हे विचारायचं नाही. विकल्या मालाच्या मागं मन जाऊ द्यायचं नाही.

आणि भवानी मोडायची नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक, पहिली विक्री म्हणजे भवानी. तिला परत पाठवलं की दिवस बसला म्हणून समजा. भीमाबाईच्या घरी देवाधर्माचं काही नव्हतं. भिंतीवर दोनच फोटो, त्यातला एक बुद्धाचा आणि दुसरा बाबासाहेबांचा. नवससायास, अंगारेधुपारे ती हसण्यावारी न्यायची. पण भवानी पाळायची. "देवाचं न्हाय ते, धंद्याचं हाय," म्हणायची.

भांड्यांवरची नावं ही तर रोजची कटकट. आपल्याकडे लग्नातलं प्रत्येक ताट-तांब्या नाव घातल्याशिवाय घरात येत नाही, आणि विकायला काढलं की गिऱ्हाईक त्या नावावर बोट ठेवून भाव पाडतं.

"मावशी, ह्येच्यावर तर दुसऱ्याचं नाव हाय."

"मग? नाव वाचून जेवनार हाईस का भात वाढून?"

लोक हसायचे आणि हसता हसता पैसे काढायचे.

तिची मजुरी अशी ठरलेली नव्हती. दिवसअखेर ओट्यावर जे उरेल ते तिचं. त्यामुळे भीमाबाईचं घर म्हणजे साऱ्या गल्लीचं उरलंसुरलं. ताटावर कुणा सुलोचनाचं नाव, तांब्यावर कुणाच्या तरी आजोबांचं, कळशीवर कानडी अक्षरं. खाट ज्यांची होती ते नागपूरला गेले. तिच्या स्वतःच्या लग्नातली भांडी मिल बंद पडली त्या साली मोडीत गेली होती. घरात तिचं असं, तिच्यासाठी केलेलं, एवढं एक स्टूलच राहिलं होतं.

एकदाच तिच्या कामात अडथळा आला. एका म्हातारीच्या माघारी तिची लेक रुपाली सासरहून आली होती, घर मोकळं करायला. पहिल्याच गिऱ्हाइकानं पोळपाट उचलला. पोळपाट कसला, मधोमध झिजून खोलगट झालेला. भाव झाला, पैसे हातात पडले, आणि आतून रुपाली धावत आली.

"मावशी, तो नको. तो चुकून बाहेर आला. आईचा आहे तो."

भीमाबाईनं तिचं मनगट धरलं. "समदंच आईचं हाय, पोरी. आत जा. भवानी झाली. भवानीचा माल परत घेत न्हाईत."

"मी पैसे देते त्यांना जास्त."

"आत जा म्हनलं ना."

रुपाली आत गेली. दाराच्या फटीतून पोळपाट रस्त्याच्या वळणापर्यंत जाताना बघत राहिली. त्या दिवशी सगळा माल झटपट गेला, आणि भीमाबाईला आपलं बरोबरच वाटलं.

मग तिचीच पाळी आली. दिवाळीनंतर एका पाण्याच्या दिवशी ती पडली. सोलापुरात चार-पाच दिवसांनी नळाला पाणी यायचं म्हणजे घरातलं एकूण एक भांडं भरून घ्यायची धांदल. ओल्या फरशीवरून पाय सरकला आणि गुडघा आधीच दुखरा, तो कायमचा गेला. खाली मांडी घालून बसणं संपलं. स्टुलावर मात्र बसता यायचं, पाय पुढं पसरून. शेजारची तानाबाई, मूळची सांगोल्याकडची, तिचं पाणी भरून द्यायची. पण तानाबाईही काही विशीतली नव्हती. लेक दिपक पुण्यात नोकरीला. त्यानं फोनवर निक्षून सांगितलं, "आई, आता एकटं राहायचं नाही. इकडं ये. खोली सोडून टाक."

पोरगा वाईट नव्हता. त्याचं घर लहान होतं, एवढंच. दोन खोल्या, बायको, लेक बुद्धप्रिया आणि तिचं अभ्यासाचं टेबल. तो म्हणाला, एक बॅग आण, बाकी काही आणू नकोस.

आता भीमाबाई भाव करणारी बाई. तिनं पहिल्याच झटक्याला स्टूल मागितलं नाही. ती म्हणाली, "खाट आनते."

"आई, खाट कुठं ठेवणार? वेडी का तू?"

"बरं, खाट ऱ्हाऊ दे. लोखंडी पेटी?"

"काय ठेवतेस पेटीत? नको."

"पाटा तरी?"

"मिक्सर आहे ना आपल्याकडं!"

"समदंच नको म्हन," भीमाबाईनं आवाज पाडला. "मग तुझ्या बापाचं काय आनू? एक स्टूल तेवढं आनते मग. कोपऱ्यात ऱ्हाईल. मला खाली बसाय येत न्हाय बाबा."

दिपक विरघळला. "स्टूल आण. गाडीच्या डिकीत मावेल. पण तेवढंच हं."

फोन ठेवून ती तानाबाईकडे बघून हसली. गुडघा गेल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. "खाट मागितली तवा स्टूल मिळालं," ती म्हणाली. "थेट स्टूल मागितलं असतं तर पाट मिळाला असता." पुढं चार दिवस ती त्याच विचारात होती. दिपकच्या घरी गॅलरी आहे म्हणे. गॅलरीत स्टूल टाकायचं. खालून लोक जातील-येतील ते बघायचं. परक्या घरात, म्हणजे लेकाच्याच, पण परक्याच घरात, आपलं म्हणायला तेवढी जागा पुरे.

रविवारी सकाळी सामान ओट्यावर मांडलं. मांडलं म्हणजे तानाबाईनं, भीमाबाई आतून सांगत होती. पिंपं पुढं ठेव. सोलापुरात पिंपाला मरण नाही. भवानी पिंपाचीच होनार बघ. ताटं नावं खाली करून ठेव. पंखा लाव.

"आनि तू?" तानाबाई म्हणाली.

"मी आत. मालकिनीनं आत बसायचं. तुला ठाव हाय न्हवं? जे ओट्यावर आलं ते इकायचं. जे न्यायचं ते ह्या बॅगंत हाय."

"मला भाव येत न्हाय, भीमे. मी आपली शेरडं राखलेली बाई."

"शेरडं बाजारात नेतच हुतीस की. तसंच. आधी चढं सांगायचं, मग हळूहळू उतरायचं, आनि गिऱ्हाईक पाठ फिरवून चार पावलं जाईस्तवर बोलवायचं न्हाय."

तानाबाई बाहेर गेली. उकिडवं बसून बघितलं, कंबर धरली. मग दारातून हात आत घालून तिनं समोर दिसलं ते स्टूल ओढलं आणि ओट्यावर टाकून बसली. भीमाबाई तेव्हा भिंतीवरचे फोटो फडक्यात गुंडाळत होती. तिनं बघितलं नाही.

आतून दार लोटलेलं. आपल्याच घरात असं बसायचं म्हणजे काय असतं ते तिला त्या दिवशी कळलं. खोली रिकामी झाल्यावर बाहेरचा प्रत्येक आवाज आत घुमत होता. कुणाच्या तरी चपला ओट्यापाशी थांबल्या.

"पिंप किती, मावशी?" तरुण बाईचा आवाज. बोलण्यात तेलुगूची छटा. विडी वळणाऱ्या बायका तिकडल्या गल्लीत राहतात, त्यातली असावी.

"पिंप पाश्शे."

"नको. आमच्याकडं हाय." मग चपला ओट्यापाशीच घुटमळल्या. "हे किती?"

"ते काय?"

"तुमी बसलाय ते."

आत भीमाबाईच्या हातातलं फडकं थांबलं.

"ह्ये इकायचं न्हाय," तानाबाई म्हणाली. "मी बसलीया न्हवं ह्येच्यावर!"

"ओट्यावर हाय म्हंजे विकायलाच की. उठा, बघू द्या तर."

"अगं इकायचं न्हाय म्हनते ना. बरं घे, तीनशे. दे तीनशे." तिला पळवून लावायचा भाव होता तो.

बाई हसली. "तीनशेत पलास्टिकची नवी खुर्ची येती मावशी, पाठ टेकायची! हे बघा, पाय आखूड. आनि हे काय, टायर लावलंय. हे तर सुटायलाच आलंय." काहीतरी ओढल्याचा आवाज. "फळी पन फाटली हितं. साठ देते."

नावं ठेवते, म्हणजे घेणारच, भीमाबाईच्या मनात आलं. डोळे मिटूनही तिला सगळं दिसत होतं. ती बाई स्टूल उलटं करून बघत असणार, अंगठ्यानं फळी दाबत असणार.

"साठ न्हाय नि सत्तर न्हाय. दुसरं काय बी घे. ताट घे, तांब्या घे."

"मला हेच पायजे. सासूला खाली बसवत न्हाय माझ्या. गुडघे गेले तिचे. सुपलं मांडीवर घेऊन पाय लांब करून बसली की तेवढ्याच विड्या वळून हुतील." आवाज जरा चढला. "आनि मी पयली आली तुमच्या दारात. भवानी हाय माझी. परत लावता व्हय?"

तानाबाईनं दाराकडे तोंड करून मोठ्यानं विचारलं, "भीमे, तू मालकीन, म्हनून इचारते. काय करू?"

एक शब्द पुरला असता. नको. चुकून बाहेर गेलं. ते माझं हाय. भीमाबाईच्या ओठांवर तो आला होता. पण शब्दाबरोबर तिला दाराची फट दिसली, आणि फटीतून बघणारी रुपाली. समदंच आईचं हाय, पोरी. तेव्हा किती सहज म्हणून गेलो होतो आपण. सगळ्या गल्लीच्या मालकिणींना आत कोंडलं, कुणाची घागर, कुणाचा पाळणा, कुणाचं काय चाललं ते त्यांनी लोटल्या दाराआडून ऐकलं, आणि आता आपली पाळी आल्यावर आपण धावत बाहेर जायचं?

"भवानी हाय," ती आतून म्हणाली. आवाज तिला स्वतःचा वाटला नाही. "दे."

"काय म्हनलीस?"

"दे म्हनलं ना. शंभर म्हन, ऐंशीला दे."

पुढचं तिनं ऐकलं की ऐकलं नाही, कोण जाणे. चपला लांब गेल्या. दार उघडून बघावंसं वाटलं, पण ती उठली नाही. उठायला हाताखाली काही नव्हतंही. ती बॅगेवर बसली होती.

तो दिवस म्हणाल तर चांगला गेला. भवानी झाली तसा माल सरसर हलला. पिंपं गेली, पंखा गेला, खाट एकानं सायकलला बांधून नेली. दुपारी एक बुरखेवाली बाई ताटं चाळत म्हणाली, "ये क्या खाला, हर थाली पे अलग नाम! चोरी का माल है क्या?" आणि तानाबाई भीमाबाईच्याच पद्धतीनं म्हणाली, "गावजेवान हाय ह्ये, समद्या गावाची नावं हाईत." लोक हसले. आतून कुणी हसलं नाही.

ओटा रिकामा झाल्यावर तानाबाई आत आली. दारातच उभी राहिली. "माझंच चुकलं. मला बसाय काय बी न्हवतं, मी ओढलं. मला वाटलं, तू नको म्हनशील."

"तुझं काय चुकलं? ओट्यावर आलं ते इकायचं. मीच सांगितलं हुतं."

"एक शब्द बोलायचा हुतास, भीमे."

"बोलली की. दे म्हनली."

तानाबाईनं पैसे तिच्यापुढं ठेवले. भीमाबाईनं ऐंशी रुपये बाजूला काढले आणि तिच्या हातात कोंबले. तानाबाई नको नको म्हणत होती. "घे. उरलंसुरलं बसनाऱ्याचं असतंय. आज ओट्यावर काय उरलंच न्हाय, मग ह्ये घे."

गाडी संध्याकाळी आली. दिपक घाईत होता, उद्या त्याला कामावर जायचं होतं. त्यानं बॅग उचलली, इकडेतिकडे बघितलं. "आई, स्टूल? डिकी रिकामी ठेवलीय मी."

"गेलं ते."

"विकलं? फोनवर तेवढंच मागितलं होतंस ना?" मग तिच्या तोंडाकडे बघून तो मऊ झाला. "जाऊ दे. तिकडं गेल्यावर चांगली खुर्ची घेऊ तुला. पाठ टेकता येईल अशी."

"व्हय," ती म्हणाली.

खोली सोडायची म्हणून तिनं शेवटचा एकदा ओटा झाडला. वाकता येत नव्हतं तरी तिनंच झाडला, तानाबाईला हात लावू दिला नाही. केरात काळं काहीतरी गडगडलं. टायरचा तुकडा होता. खिळा त्याच्यात तसाच वाकलेला. ओढून बघताना निसटला असणार.

तिनं तो उचलला. विडीवाल्यांच्या गल्लीत जाऊन विचारलं असतं तर घर सापडलं असतं. एका म्हातारीला पाय लांब करून बसायला ज्यांनी आज स्टूल आणलं, ते घर कुणीही दाखवलं असतं. पण त्या बाईला नाव विचारलेलं नव्हतं, विचारायचं नसतं, आणि दिपक गाडी सुरू करून बसला होता.

"काय आहे ते?" त्यानं विचारलं.

"काय न्हाय. कचरा."

तानाबाई गाडीच्या खिडकीशी आली, तिचा हात धरला आणि सोडला. गाडी गल्लीतून बाहेर पडली. मिलची चिमणी उजव्या हाताला मागे राहिली. भीमाबाईनं पदराच्या गाठीत तो तुकडा बांधला होता. पाय पुढं पसरायला जागा नव्हती, गुडघा ठणकत होता. डुगडुगत असेल ते, तिच्या मनात आलं. म्हातारी घाबरत असेल बसायला. सुनेला म्हणत असेल, कसलं आणलंस गं हे, ऐंशी रुपये देऊन.

"आई, झोप जरा," दिपक म्हणाला. "अजून लई लांब जायचंय."

तिनं डोळे मिटले. गाठीतला खिळा बोटाला टोचत होता, तो तिनं तसाच टोचू दिला.